उसनी रुचि

चहाच्या पेल्यांत नीतीचा प्रश्न तो कोणता असणार, असें पुष्कळांस वाटेल. परंतु आमच्याच प्रांतांत एके काळीं हा प्रश्न फार गंभीरपणें उपस्थित झाला होता. पुण्यांत १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें ज्या मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला, त्यांत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळकहि होते; आणि त्या एका पेल्यावरून प्रायश्चित्ताचा जो वाद माजला तो पुढें दीर्घकाळ शमला नाहीं. कोणाच्या हातचा चहा घ्यावा, हा त्या पिढीचा प्रश्न होता. आज सुशिक्षित घरांत तो कोणी उघडपणें विचारीत नाहीं, आणि तो मागें पडला हें चांगलेंच झालें. आम्हांस मात्र अलीकडे दुसराच एक प्रश्न छळूं लागला आहे. कोणाच्या हातचा चहा आपण प्यालों हें सोडून द्या. कोणाच्या जिभेनें प्यालों? प्रश्न वरून विनोदी दिसतो. परंतु तो तितका विनोदी नाहीं, असें आम्हांस एका लहानशा फजितीनंतर वाटूं लागलें आहे.

गेल्या हिंवाळ्यांत आमचे एक जुने विद्यार्थी, जे व्यापारानिमित्त दक्षिण चीनमध्यें वारंवार जात असतात, आम्हांस भेटावयास आले आणि येतांना एक अपूर्व भेट घेऊन आले. पांढऱ्या कागदांत गुंडाळलेलीं, सुकून तपकिरी झालेलीं, लहान संत्र्याएवढीं फळें दोन डब्यांत रचून ठेवलेलीं होतीं. फळाच्या देठाकडचा भाग टोपणासारखा कापलेला होता; तें टोपण उचलून पाहावें तों आंत गराचा पत्ता नाहीं, चहाची काळीकुट्ट पत्ती मात्र ठांसून भरलेली. ‘सर, एका डब्यांतलीं दहा वर्षांचीं आहेत आणि दुसऱ्यांतलीं गेल्या वर्षींचीं,’ असें ते म्हणाले, आणि कोणत्या डब्यांत कोणतीं तेंहि त्यांनीं नीट सांगितलें. डब्यांवरील अक्षरें चिनी होतीं. आम्हीं मान डोलावली आणि लगेच विसरलों.

या वस्तूची थोडी ओळख प्रथम करून देणें अवश्य आहे. ज्याला आपण इंग्रजांच्या अनुकरणानें काळा चहा म्हणतों, त्याला चिनी लोक तांबडा चहा म्हणतात. कारण ते वाळलेल्या पानाकडे न पाहतां पेल्यांतील रंगाकडे पाहतात. त्यांच्या भाषेंत काळा चहा म्हणून जो आहे तो निराळाच. आपल्या नेहमींच्या चहाचें पान खुडून चुरडल्यावर हवेच्या योगानें, स्वतःच्याच अंगच्या द्रव्यांमुळें काळवंडतें. त्यास आंबविणें म्हणण्याची व्यापारांत चाल असली तरी तेथें खरें आंबणें होत नाहीं. चिनी काळा चहा मात्र खरोखर आंबविलेला असतो. आपण इडलीचें पीठ ज्या अर्थानें आंबवितों त्याच अर्थानें.

त्यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे युनान प्रांतांतला पु-एर चहा. त्याचें झाड आपल्या आसामी चहाच्याच मोठ्या पानांच्या जातीचें. शेंकडों वर्षें हा चहा विटांच्या व चकत्यांच्या आकारांत दाबून, घोड्या-खेचरांच्या पाठीवर लादून तिबेटाकडे जात असे. आणि वाटेंत व वखारींत जसजसा काळ लोटे, तसतसा त्याचा कडवटपणा ओसरून त्यास एक प्रकारचा गंभीर गोडवा येई. जें काम काल सावकाश करीत होता तें लवकर साधावें, म्हणून १९७३ च्या सुमारास कुन्मिंग येथील चहाच्या कारखान्यांत एक नवी कृति बसविण्यांत आली. उन्हांत वाळविलेल्या पानांचे मोठाले ढीग घालावयाचे, त्यांवर पाणी शिंपडून ते झांकावयाचे, आणि मधून मधून उलथेपालथे करीत महिना-दोन महिने ठेवावयाचे. ढिगाच्या पोटांत बुरशी आणि किण्व या वर्गांतील सूक्ष्म जीव वाढतात, आंत चांगलीच उष्णता उत्पन्न होते, आणि पानांतील तुरट द्रव्यांचें रूपांतर होऊन कोळशासारखा काळा, परंतु जिभेला अत्यंत मऊ लागणारा चहा तयार होतो. ज्या शेतकऱ्यानें शेणखताचा ढीग लावला आहे, त्यास ही कृति समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं.

आतां फळाविषयीं. क्वांगतुंग प्रांतांत, पर्ल नदीच्या मुखाजवळच्या सखल प्रदेशांत, शिन्ह्वेइ म्हणून एक भाग आहे. तेथील संत्रें शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणाप्रमाणें आमच्या नागपुरी संत्र्याच्याच जातींत पडतें. परंतु दोन्ही ठिकाणच्या माणसांचा व्यवहार अगदीं उलट. आपण गर खातों आणि साल टाकतों. फार तर घरांतील वडील बायका ती वाळवून उटण्यांत घालतात. शिन्ह्वेइचे लोक साल जपून ठेवतात, आणि टाकून देण्याची पाळी बहुधा गरावरच येत आली आहे. साल तळाशीं जोडलेली राहील अशा बेतानें तीन पाकळ्यांत सोलतात, उन्हांत वाळवितात आणि कोरड्या जागीं वर्षानुवर्षें ठेवतात. तीन वर्षें पुरीं झाल्याखेरीज तिला ‘चेनपी’ म्हणजे ‘जुनी साल’ हें नांवच मिळत नाहीं. हिरव्या सालीचा डोळ्यांत पाणी आणणारा उग्रपणा वर्षागणिक उणा होत जातो आणि त्याच्या जागीं औषधी मुळ्यांची आठवण करून देणारा एक शांत सुगंध येतो. तोळाभर जुनी साल म्हणजे तोळाभर सोनें, अशा अर्थाची तिकडे म्हण आहे. आणि परप्रांतींच्या सालीनें शिन्ह्वेइचें नांव लावूं नये असें संरक्षण तिला २००६ सालीं मिळालें आहे.

युनानचा चहा आणि शिन्ह्वेइची साल यांची गांठ कशी पडली, याविषयीं एक दंतकथा सांगतात. शिन्ह्वेइचा एक विद्वान अधिकारी युनानांत नोकरी करून घरीं परतला. त्यास थंडी होऊन खोकला झाला. बायकोनें सालीचा काढा केला, आणि तो चुकून चहाच्या भांड्यांत पडला. कथा खरी असो वा नसो. आमच्याकडील आल्याच्या चहाची उत्पत्तीहि याहून फार निराळी नसावी. पुढें फळ पोखरून त्यांतच चहा भरण्याची रीत पडली. पिकलेलीं फळें हिंवाळ्याच्या तोंडीं भरतात. जुलै-ऑगस्टमध्यें तोडलेलीं लिंबाएवढीं कोंवळीं हिरवीं फळें भरण्याची जी तऱ्हा आहे, तिचा प्रसार २०१६ च्या सुमारास फार झाला. भरलेलें फळ वाळलें कीं सालीचें तेल चहांत उतरूं लागतें, आणि चहाचा काळेपणा सालींत. चिनी मनुष्य ज्यास वयाचा गुण म्हणतो, त्यास आमच्या भाषेंत एक फार चांगला शब्द आहे: मुरणें.

असो. एका रविवारीं सायंकाळीं आम्हीं तीन स्नेही प्राध्यापकांना या चहासाठीं निमंत्रण दिलें. आदल्या रात्रीं त्याविषयीं इंग्रजींत जें वाचावयास मिळालें तें वाचून काढलें. व्याख्यानाची तयारी करण्याची संवय सहजासहजीं सुटत नाहीं. दहा वर्षांचें म्हणून एक फळ आम्हीं डब्यांतून काढलें, चिनी मातीच्या किटलींत ठेवलें, त्यावर उकळतें पाणी ओतून पहिलें पाणी प्रघाताप्रमाणें फेंकून दिलें, आणि दुसरें पाणी अर्ध्या मिनिटांत पेल्यांत काढलें. रंग डाळिंबाच्या रसाहून गडद उतरला. आम्हीं पेला नाकाशीं नेला आणि बोलावयास आरंभ केला. दहा वर्षांच्या कालानें या चहाचा सारा रांगडेपणा कसा झिजवून टाकला आहे, त्यांत कापराची छटा कशी आहे, जुन्या चंदनी पेटीचा गंध कसा आहे, शेवटीं खजुराचा गोडवा कसा येतो, हें सारें आम्हीं सांगितलें. एका स्नेह्यांना कापूर तत्काळ सांपडला. दुसऱ्यांना चंदन इतकें स्पष्ट लागलें कीं, त्यांनीं त्यांच्या लहानपणच्या देवघराची आठवण सांगितली. तिसऱ्यांनीं डोळे मिटून, आपण काळच पीत आहों असें वाटतें, असे उद्गार काढले.

आमच्या मातोश्री कोपऱ्यांत बसल्या होत्या. त्यांचें वय ऐंशीच्या पुढें आहे, आणि दुधावांचून चहा हा त्यांच्या मतें आजाऱ्याचा काढा. केवळ शिष्टाचार म्हणून आम्हीं विचारलें, ‘आई, तुला कसा लागला?’

त्या थोडा वेळ तसाच घोट तोंडांत धरून बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘अरे, पावसाळ्यांत माळ्यावरची ट्रंक उघडली कीं वास येतो ना, तसा येतो. आणि शेजारीं बसून कोणी संत्रें सोलतंय, तसा. वाईट नाहीं, पण ओलसर आहे.’

आम्ही चौघे विद्वान सभ्यपणें हंसलों. दुसऱ्या पेल्यानंतर त्या पुन्हां म्हणाल्या, ‘मागाहून घशाशीं गोड लागतं रे. आंवळा खाऊन पाणी प्यावं तसं.’ याहि वाक्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

तीन आठवड्यांनीं ते विद्यार्थी पुन्हां आले. मेजावरचा उघडलेला डबा पाहून ते म्हणाले, ‘सर, नव्या चहापासूनच आरंभ केलात वाटतं? दहा वर्षांचा डबा तर अजून तसाच बंद आहे.’ आम्हीं घसा खाकरून मातोश्रींचें तें ट्रंकेचें बोलणें त्यांस सांगितलें. ते हंसले नाहींत. ते म्हणाले, ‘आजींनीं बरोबर ओळखलं. नव्या चहाला त्या ओल्या ढिगाचा वास राहतो. तो जायला कांहीं वर्षं लागतात. तिकडचे व्यापारी त्या वासावरूनच चहा नवा आहे हें सांगतात.’

ह्यूम या तत्त्वज्ञाचा रुचीच्या प्रमाणाविषयींचा १७५७ सालचा निबंध आम्ही कित्येक वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों. त्यांत त्यानें डॉन क्विक्झोटमधील सँको पांझाच्या दोन आप्तांची गोष्ट घेतली आहे. त्या दोघांस एका पिंपांतील मद्याची परीक्षा करावयास सांगितलें. एक म्हणाला, मद्य चांगलें आहे, पण त्यास किंचित् चामड्याची चव आहे. दुसरा म्हणाला, चांगलें आहे, पण त्यास लोखंडाची चव आहे. लोकांनीं दोघांचीहि थट्टा केली. पुढें पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सांपडली. ही गोष्ट सांगतांना दरवर्षीं वर्गांत हंशा होत असे, आणि त्या थट्टेखोर लोकांच्या अज्ञानाची आम्हांस कींव येत असे. त्या लोकांत आपण बसलेले असूं, ही कल्पना आम्हांस कधीं शिवली नव्हती.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. त्या संध्याकाळीं आम्ही खोटें बोललों काय? न्यायालयांतल्या अर्थानें नाहीं. खोटें बोलणाऱ्यास खरें काय आहे हें ठाऊक असतें, आणि तें तो झांकतो. आम्हांस खरें ठाऊकच नव्हतें, कारण तें जाणून घेण्याइतका वेळ आम्हीं जिभेला दिला नव्हता. शब्द आधीं तयार होते. जीभ त्यांच्या मागून आली आणि साक्ष देऊन मोकळी झाली. आम्हांस चंदन लागलें असें आम्ही म्हणालों, आणि म्हणाल्यावर तें खरोखरच लागल्यासारखें वाटलें. हा प्रकार साध्या असत्याहून कमी दोषाचा आहे, असें प्रथम वाटतें. परंतु थोडा विचार केल्यास उलट दिसतें. लबाडाच्या ठिकाणीं सत्य निदान कुलुपांत तरी असतें. आमच्या ठिकाणीं तें घरांत आलेंच नव्हतें.

यावर कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा इतका बाऊ कशाला? चहाची चव ही ज्याची त्याची खासगी बाब; तींत खरें-खोटें तें काय? कँटसारखा तत्त्ववेत्ताहि या आक्षेपकाच्या बाजूस उभा राहील असें दिसतें. १७९० सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें सुंदर आणि सुखकर यांचा भेद केला आहे. सौंदर्याविषयीं बोलतांना आपण सर्वांच्या संमतीवर हक्क सांगतों. परंतु कॅनरी बेटांतलें मद्य मला गोड लागतें, असें म्हणणारानें ‘मला’ हा शब्द जोडला कीं पुरे. त्याच्याशीं वाद संभवत नाहीं. कँटशीं भांडण्याची आमची योग्यता नाहीं. तथापि त्यानें जिभेला न्यायासनासमोरून जरा घाईनें घालवून दिलें, असें आम्हांस नम्रपणें वाटतें. आवडलें कीं नाहीं, हें खासगी असेल. पेल्यांत काय आहे, हें खासगी नाहीं. मातोश्रींनीं चहा चांगला कीं वाईट याचा निवाडा दिला नव्हता; त्यांना काय आढळलें एवढेंच त्यांनीं सांगितलें होतें, आणि तें बरोबर होतें. आम्हीं निवाडा दिला होता, आणि आढळलें कांहींच नव्हतें. आमच्या प्राचीनांनीं जिभेला इतकें परकें मानलें नाहीं. भरतानें नाट्यांतील रसाची उपपत्ति सांगतांना दृष्टांत घेतला तो नाना व्यंजनांनीं सिद्ध केलेल्या अन्नाचा आणि तें प्रसन्न मनानें खाणाराचा. जो पानावरच्या पदार्थाशीं प्रामाणिक नाहीं तो रंगभूमीवरच्या दुःखाशीं प्रामाणिक असेल, ही आशा थोडी.

शिवाय चहाच्या पेल्यांतला अप्रामाणिकपणा पेल्यांतच राहतो असेंहि नाहीं. साल जितकी जुनी तितका भाव चढा, असा नियम पडल्याबरोबर परक्या ठिकाणची साल आणून, तिला काळवंडवून खोटें वय चिकटविणारे लोक निघाले. ज्या बाजारांत गिऱ्हाईक जिभेनें न घेतां कानांनीं घेतें, त्यांत दुसरें काय होणार? पु-एर चहाच्या बाबतींत २००७ सालीं याहून मोठा तमाशा झाला. कांहीं वर्षें भाव चढतच होते. पुष्कळ लोक तो चहा पिण्यासाठीं घेत नव्हते, उद्यां कोणी अधिक भावानें घेईल म्हणून घेऊन ठेवीत होते. तो दुसराहि तिसऱ्याच्या भरंवशावर घेणार होता. अखेर त्याच वर्षीं भाव कोसळले आणि ज्यांच्या वखारी भरलेल्या होत्या ते बुडाले. आमच्या दिवाणखान्यांत त्या संध्याकाळीं हीच गोष्ट लहान प्रमाणावर घडली होती. चौघांचें एकमत झालें होतें. परंतु तीं चार मतें नव्हतींच. तें एकच मत, तेंहि कोणा अपरिचित लेखकाचें, चार तोंडांनीं बोललें होतें. खरें स्वतंत्र मत एकच पडलें, आणि त्यास आम्हीं हंसण्यावारी नेलें.

हें सारें इथेंच थांबतें तर आम्ही हा लेख लिहिण्याच्या भरीस पडलों नसतों. परंतु त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं ती चहामुळें नव्हे. सुमारें वीस वर्षांपूर्वींची एक उत्तरपत्रिका आठवत होती. एका विद्यार्थिनीनें लिहिलें होतें कीं, नेमलेल्या एका विलापिकेंतील दुःख तिला दुःख वाटत नाहीं, शब्दांची रचना तेवढी दिसते. आणि असें कां वाटतें याचीं दोन कारणें तिनें कवितेंतलीं स्थळें दाखवून दिलीं होतीं. आम्हीं तिला उत्तीर्ण होण्यापुरते गुण दिले आणि समासांत तांबड्या शाईनें ‘काव्याचा आस्वाद घेण्याची संवय करावी’ असा शेरा मारला. त्याच गठ्ठ्यांतील दुसऱ्या एका उत्तरपत्रिकेंत त्या कवितेस ‘अंतःकरण हेलावून सोडणारी’ असें म्हटलें होतें. तें वाक्य आमच्याच टिपणांतलें होतें. त्यास आम्हीं भरघोस गुण दिले. ट्रंकेचा वास आला असें सांगणारीला आम्हीं दंड केला, आणि चंदनाचा उच्चार करणाराला बक्षीस दिलें; आणि यालाच आम्ही तीस वर्षें रुचीचें शिक्षण म्हणत आलों. किती तरुण माणसें आमच्या वर्गांतून, आपणांस काय वाटतें हें पाहण्याआधीं काय वाटलें पाहिजे हें विचारण्याची विद्या शिकून बाहेर पडलीं असतील, याचा हिशेब आम्हांस करवत नाहीं.

तर मग उपाय कोणता? पुस्तकें मिटून टाकावीं, आणि ज्याची जीभ तोच प्रमाण असें समजावें काय? हें म्हणणें आज फार लोकप्रिय आहे, परंतु तें आम्हांस मान्य नाहीं. अशिक्षित रुचीचा अभिमान हाहि एक आळसच आहे. आणि खरें पाहतां, आरंभीं सर्वांचीच रुचि उसनी असते. मूल आईच्या तोंडाकडे पाहून कडू कोणतें, गोड कोणतें हें शिकतें. शब्द उसने घ्यावेच लागतात. अनुभवाला हात लावण्याचें दुसरें साधन नाहीं. मातोश्रींनींहि ट्रंक आणि आंवळा हे आपल्या आयुष्यांतले जुने शब्दच लावले. फरक इतकाच कीं, ते त्यांनीं घोट घेतल्यावर शोधले, आम्हीं घोट घेण्यापूर्वीं.

आम्हीं आदल्या रात्रीं जें वाचलें त्यांत दोन प्रकारची माहिती होती, हें मागाहून ध्यानांत आलें. एक, जुन्या चहाला चंदनाचा वास येतो, ही. दुसरी, चांगला चहा गिळल्यानंतर कांहीं क्षणांनीं घशाशीं गोडी परत येते, आणि चिनी रसिकांनीं तिला ‘परतणारी गोडी’ अशा अर्थाचें स्वतंत्र नांव दिलें आहे, ही. पहिलीनें आमच्या पेल्यांत जें नव्हतें तें आणून ओतलें. दुसरी आम्हांस घशाकडे लक्ष द्यावयास सांगत होती, परंतु तिचा आम्हीं उपयोगच केला नाहीं. ती गोडी सांपडली ती, ज्यांनीं त्या नांवाचें एक अक्षरहि वाचलें नव्हतें त्यांना. ज्ञान दोषी नाहीं. जें ज्ञान जिभेला वाट दाखवितें तें हवेंच. जें जिभेला गप्प बसवून तिच्या ऐवजीं बोलतें तें नको. चुलींतला जाळ आणि चुलीवरचें चित्र यांत जितका भेद, तितका या दोहोंत आहे.

योगायोग असा कीं, शिन्ह्वेइनें जगाला केवळ साल दिली नाहीं, एक तत्त्वज्ञहि दिला आहे. चेन शिआनझांग, ज्यास बाइशा या त्याच्या गांवाच्या नांवानें ओळखतात, तो १४२८ सालीं तेथेंच जन्मला आणि १५०० सालीं वारला. तरुणपणीं तो दूरच्या प्रांतांत गुरूकडे जाऊन शिकला. घरीं परत येऊन त्यानें पुष्कळ ग्रंथ अभ्यासिले. परंतु ग्रंथांतलें तत्त्व आणि आपलें मन यांची गांठ पडत नाहीं, असें त्यास आढळलें. तेव्हां तो निःशब्द बसूं लागला, आणि पुढें शिष्यांनाहि त्यानें हेंच शिकविलें कीं, ज्ञान ज्याचें त्यानें स्वतः मिळविलें पाहिजे. त्यानें गुरूचा धिक्कार केला नाहीं, ग्रंथ जाळले नाहींत. ऐकलेलें आपल्या अंतरांत उतरतें कीं नाहीं, एवढें तो थांबून पाहूं लागला. मातोश्रींनीं घोट तोंडांत धरून जो थोडा वेळ घेतला, तो याहून निराळा नव्हता. आम्ही तेवढा वेळ थांबलों असतों तर ट्रंक आम्हांसहि सांपडती. नाक आमचेंहि शाबूत आहे.

आणि या चहाकडेच पाहिलें तर त्यानेंहि आपला सुगंध उसनाच घेतलेला असतो. युनानच्या पानाला संत्र्याचा वास जन्मतः नाहीं. नव्या चहांत दोन्ही वास शेजारीं शेजारीं बसलेले असतात. पान पानासारखें, साल सालीसारखी. म्हणूनच मातोश्रींना ट्रंक निराळी आणि संत्रें निराळें लागलें. वर्षें लोटलीं म्हणजे उसनें घेतलेलें अंगीं लागतें, आणि मग तें उसनें राहत नाहीं. लोणचें मुरतें, मोरांबा मुरतो, माणूसहि एखाद्या विद्येंत मुरतो. रुचि उसनी घेण्यांत लाज नाहीं. ती स्वतःच्या अनुभवांत न मुरवितां, काल घेतलेली आज आपली म्हणून मिरविण्यांत लाज आहे.

गेल्या आठवड्यांत आम्हीं दुसरा डबा उघडला. यावेळीं कोणास बोलाविलें नव्हतें. मातोश्री आणि आम्ही, दोघेंच होतों. कांहीं न बोलतां दोन पेले घेतले. चंदन आम्हांस सांपडलें नाहीं. कापूर असावा असें एकदां वाटलें, परंतु खात्री नाहीं. साल आणि पान यांतलें कोणतें कोठें संपतें हें मात्र सांगतां येईना. थोड्या वेळानें घशाशीं गोडी परत आली, आणि ती कोणी न सांगतां आली. मातोश्रींना विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, ‘आज ट्रंकेचा वास नाहीं.’ आणि मग क्षणभरानें, ‘पण रे, दूध घातलेलाच बरा.’

येत्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका आमच्या मेजावर लवकरच येऊन पडतील. त्यांत एखाद्यानें जर लिहिलें कीं, नेमलेली कविता मला आवडली नाहीं, आणि ती कां आवडली नाहीं हें जर त्यानें कवितेवरच बोट ठेवून दाखविलें, तर तांबडी शाई उचलण्यापूर्वीं आम्ही घोटभर थांबण्याचें ठरविलें आहे. त्या विद्यार्थिनीचे वीस वर्षांपूर्वींचे गुण आतां वाढवून देतां येत नाहींत. परंतु तिला झालेला दंड आणखी कोणास होऊं नये, एवढें अजून आमच्या हातीं आहे.